रोपवाटिकेची वेबसाइट गूगलवर दिसतच नाही, एसईओवाले पॅकेज मागायलेत, काय करावं?

मोसंबीवाला_अंबड
रामराम मंडळी. आपली रोपवाटिका आहे अंबड तालुक्यात, मोसंबीची अन् केसर आंब्याची कलमं करतो, वडिलांच्या काळापासून चालू आहे. पुतण्यानं नाद लावला म्हणून गेल्या हंगामाच्या आधी शहरातल्या एकाकडून वेबसाइट करून घेतली, दिसायला एकदम भारी, उघडली की वरून पानं पडतानाचं ॲनिमेशन बी आहे. पण गूगलवर "मोसंबी रोपे जालना" टाकलं की दुनियाभरच्या साइटा येतात, यूट्यूब येतं, पार नागपूरच्या संत्र्याचं येतं, आमचंच काही येत नाही. रोपवाटिकेचं पूर्ण नाव टाकलं तरच दिसतं, अन् ज्याला नाव माहितीये तो कशाला गूगल करील, तो तर सरळ पिकअप घेऊन दारात येतो. बनवणाऱ्याला विचारलं तर म्हणे एसईओचं (म्हणजे गूगलच्या शोधात साइट वर आणायचं) काम वेगळं असतं, वर्षाचं पॅकेज घ्या, पहिल्या नंबरवर आणून देतो, लेखी गॅरंटी. मे-जूनमधे लोक रोपं शोधायला लागतात, तोवर काही व्हईल का? अन् पॅकेज घ्यावं का नाही?

नांदेडचा_गोट्या
रोपवाटिकेच्या साइटवर पानगळ दाखवायली म्हणल्यावर गिऱ्हाईक पळणारच की दादा 😂

लातूरचा_डेव्हलपर
लेखी गॅरंटी देणाऱ्याला आधी लांबूनच नमस्कार करा. गूगल स्वतःच्या मदतीच्या पानावर सांगतंय की पहिल्या नंबरची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही. जाहिरातीचं वेगळं, तिथं पैसे दिले की वर "स्पॉन्सर्ड" असं लिहून दिसता येतं, पण खालच्या साध्या निकालात पैसे घेऊन कुणालाच वर बसवत नाहीत.

आता एक करा. गूगलमधे इंग्रजी अक्षरात "site" लिहा, त्याला चिकटून कोलन, त्याला चिकटून तुमचं डोमेन (साइटचा पत्ता), मधे स्पेस सोडू नका. किती पानं येतात अन् काय लिहून येतं ते जसंच्या तसं सांगा, मग बोलू.

मोसंबीवाला_अंबड
एकच आलं. निळ्या अक्षरात नुसतं "होम" लिहिलंय अन् त्याच्या खाली "वेलकम टू अवर वेबसाइट". पण साइटवर तर आमच्याबद्दल, रोपे, फोटो, संपर्क असं सगळं आहे वर मेनूत.

लातूरचा_डेव्हलपर
मेनूतलं काहीही दाबलं तर पान बदलत नाही, त्याच पानावर खाली सरकतंय, बघा करून. म्हणजे तुमची साइट एक पानाचीच आहे, पत्त्यातल्या हॅशच्या चिन्हापुढचं गूगल वेगळं पान म्हणून धरत नाही.

थोडक्यात सांगतो, तीन टप्पे असतात. गूगलचा बॉट (आपोआप फिरणारा प्रोग्राम) पान वाचून जातो ते क्रॉलिंग, वाचलेलं त्याच्या साठ्यात जमा होतं ते इंडेक्सिंग, अन् कुणी काही शोधलं की त्या साठ्यातून कुठलं वर अन् कुठलं खाली दाखवायचं ते रँकिंग. लोक रँकिंगवर बोंबलतात अन् घोळ निम्म्या वेळा आधीच्या दोन टप्प्यांत असतो. वर्डप्रेस म्हणून साइट बनवायचं सॉफ्टवेअर आहे, त्याच्या सेटिंग्समधे रीडिंगमधे "डिस्करेज सर्च इंजिन्स" अशी एक टिक असते, साइट बनवताना लावतात अन् काढायचं राहून जातं, तेवढ्या एका टिकवर आख्खी साइट गायब झालेली मी बघितलीये. तुमचं तसं नाही, होमपेज आलंय म्हणजे दार उघडं आहे. आत माल नसावा असा डाउट येतोय.

परभणीची_ताई
मी आत्ता दादांची साइट मोबाईलवर उघडून बसलेय. (शेतीच्याच साइटवर लिहायचं काम करते, म्हणून खोलात बघितलं.) वाण, खुंट (ज्या रोपावर कलम बांधतात ते), रोपाची उंची, पिशवीची साइज, भाव, सगळं एकाच चित्रात आहे, डीटीपीवाल्यानं छपाईला केलेलं पत्रकच उचलून साइटवर चढवलंय. बोट दाबून अक्षरं सिलेक्ट करायला गेले तर होईनात. त्या चित्रातलं "मोसंबी" तुम्हाला मला दिसतं हो, पण गूगलला त्या जागी मुख्यतः फाइलचं नाव दिसतं, अन् ते नाव आहे "व्हॉट्सॲप इमेज" अन् पुढं तारीख. चित्रातल्या अक्षरांवर भिस्त ठेवू नका असं गूगलच सांगतं.

मग "माहितीपत्रक डाउनलोड करा" ची पीडीएफ उघडली. त्यातली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमधे चिकटवली तर इंग्रजी अक्षरं, कंस अन् टिंबांची खिचडी आली. म्हणजे श्रीलिपी नाहीतर तसलाच जुना फॉन्ट. त्या फॉन्टांमधे आत इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक साठवलेले असतात, वर फक्त मराठीचा मुखवटा. छापायला चालतं, पण युनिकोड (प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत) नसलं की शोधणाऱ्या मशीनसाठी ते मराठी नाहीच.

आणि अक्षरात लिहिलेला मजकूर म्हणाल तर चार ओळी, त्या पण इंग्रजीत, "वुई आर लीडिंग नर्सरी" छाप. त्यात ना मोसंबी, ना जालना, ना अंबड. दादा तुम्ही "मोसंबी रोपे जालना" शोधायलात अन् मेनूतलं "रोपे" सोडलं तर ह्यातला एक बी शब्द तुमच्या साइटवर अक्षरात कुठंच लिहिलेला नाही.

मोसंबीवाला_अंबड
आयला. ह्याचे पैसे मोजलेत आम्ही.

नांदेडचा_गोट्या
पानगळीचे घेतले असतील

हिंगोलीकर
दादा अजून एक बघून घ्या आधी, डोमेन कुणाच्या नावावर आहे? आमच्या इथल्या एका कापड दुकानाचं डोमेन बनवणाऱ्यानं स्वतःच्या ईमेलवर घेतलेलं, दुकानदारानं पुढचं पॅकेज नाही म्हणल्यावर तो फोनच उचलना, रिन्यू करायची तारीख निघून गेली अन् साइट बंद. डोमेनचं लॉगिन, होस्टिंगचं (साइट जिथं ठेवलीये त्या जागेचं) लॉगिन, वर्डप्रेसचं ॲडमिन लॉगिन, तिन्ही मागून घ्या, गोडीत आहे तोवरच.

मोसंबीवाला_अंबड
मागितलं. दिलं बाबा, थोडी कुरकुर करून. पुतण्याकडं आहे आता. तो बीएस्सी ॲग्री करायलाय, कॉम्प्युटरचं जमतं त्याला. काय काय करायचं ते नीट सांगा, तो बसतो.

लातूरचा_डेव्हलपर
पुतण्याला वाचायला द्या हे, जरा लांबण लागणार आहे.

पहिलं, एक पान मोडून वेगवेगळी पानं करा. मोसंबी रोपांचं एक, केसर आंबा कलमांचं एक, रोपवाटिकेचा पत्ता, रस्ता अन् वेळ सांगणारं एक. एवढं पुरे. ज्या गोष्टीसाठी माणूस वेगळा शोध घेतो तिला वेगळं पान, असा साधा हिशोब ठेवा.

दुसरं, प्रत्येक पानाचं टायटल. हे पानाच्या आत दिसणारं नाही, गूगलच्या निकालात निळ्या अक्षरात येतं ते. तुमचं सध्या "होम" आहे. त्या जागी "मोसंबी रोपे: न्यूसेलर, रंगपूर खुंटावरची कलमे, अंबड जि. जालना" असं काहीतरी (न्यूसेलर हा मोसंबीचा वाण, रंगपूर हा खुंट). मोबाईलवर लांब टायटल कापलं जातं म्हणून कामाचे शब्द आधी अन् रोपवाटिकेचं नाव शेवटी. गूगलला वाटलं तर ते टायटल बदलून बी दाखवतं, त्याला इलाज नाही, पण पानावरचं मोठं हेडिंग अन् टायटल एकमेकांशी जुळणारं असलं की सहसा बदलत नाही.

तिसरं, मेटा डिस्क्रिप्शन. ह्यानं नंबर वर जात नाही, पण निकालात खाली जी दोन ओळींची माहिती येते तिथं ते दिसू शकतं, अन् ते वाचून माणूस दाबायचं का नाही ठरवतो. पिशवीतली रोपं का मातीच्या गड्ड्यासकट, परवान्याचं बिल मिळतं का, गाडी पोच आहे का, असलं लिहा. मेटा कीवर्ड्सच्या (कोडमधे लपलेल्या शब्दांच्या यादीच्या) नादी तर लागूच नका. गूगलनं २००९ मधेच जाहीर सांगितलंय की आम्ही ते रँकिंगला वापरत नाही, तरी आजही पॅकेजवाले "५० कीवर्ड टाकून देतो" म्हणून पैसे घेतात.

पानाचे पत्ते इंग्रजी अक्षरात अन् छोटे ठेवा. मराठीत ठेवले तर गूगलला चालतंय, पण व्हॉट्सॲपवर पाठवलं की टक्क्याच्या चिन्हांची ही लांब शेपटी निघते, लोकांना वाटतं व्हायरसच आहे.

परभणीची_ताई
आणि मजकूर काय लिहायचा ते मी सांगते, कारण सगळे इथंच अडकतात. दादा, तुम्हाला हंगामात फोन येतात त्यात लोक काय विचारतात? तेच लिहा. "खुंट कोणता, रंगपूर का जंबेरी?" "रोप किती महिन्यांचं?" "एकरी किती लागतील?" "अनुदानाला बिल चालतं का?" शेतकरी गूगलला बी असंच विचारतो, अन् आजकाल तर माइक दाबून बोलूनच विचारतो.

मग लिहायचं की ६ बाय ६ मीटरवर लावली तर हेक्टरी २७७ झाडं बसतात. भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं मिळतं आणि रोपं मान्यताप्राप्त रोपवाटिकेतलीच लागतात, म्हणून तुमचा परवाना क्रमांक पानावर ठळक द्या. न्यूसेलर म्हणजे काय ते चार ओळींत. डोळा (खुंटावर बसवायचा मोसंबीचा कोंब) कुठल्या महिन्यात भरता ते, अन् डोळा भरतानाचा तुमच्या माळ्याचा फोटो, नेटवरून उचललेला नको. फोटोच्या फाइलला नाव द्यायचं अन् ऑल्टमधे (चित्रात काय आहे ते सांगायच्या रकान्यात) एक साधी ओळ, "रंगपूर खुंटावर मोसंबीचा डोळा भरताना" एवढीच. तिथं "मोसंबी रोपे मोसंबी नर्सरी बेस्ट मोसंबी" असा पाढा लावू नका.

जालना मोसंबीला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे म्हणून टायटलात जीआय घुसवायचा मोह होईल, तो पण टाळा. तो टॅग फळाला आहे, रोपाला नाही.

औंढ्याचा_पक्या
एवढं लिहित कशाला बसायचं, एआयला सांगा दोनशे लेख दे म्हणून, दहा मिनिटात काम. अन् प्रत्येक तालुक्याचं पान करायचं, मोसंबी रोपे बदनापूर, मोसंबी रोपे घनसावंगी, मोसंबी रोपे भोकरदन, नुसतं नाव बदलायचं. माझ्या मित्रानं केलंय आरओ फिल्टरच्या साइटला.

लातूरचा_डेव्हलपर
अन् मित्राचं आता कसं चाललंय ते बी विचारा त्याला. गावाचं नाव बदलून तीच ती पानं केली तर त्याला गूगलच्या नियमात डोअरवे म्हणतात, अन् मार्च २०२४ ला त्यांनी ठोकानं मजकूर पाडून साइट भरण्यावर वेगळा नियमच काढला, मग तो माणसानं लिहिलेला असो का मशीननं. एआयची मदत घ्यायला कुणाची ना नाही, पण त्याला दादांच्या रोपवाटिकेतलं काय माहिती? परवा मला एकानं दाखवलेलं, मोसंबीच्या लेखात एआयनं थंड डोंगराळ हवामान निवडा असं लिहिलेलं. घनसावंगीत कुठून आणायचा डोंगर.

धाराशिवची_मास्तरीण
मला एक शंका आहे, विषयाला धरूनच. आमच्या क्लासच्या पानावर धाराशिव लिहावं का उस्मानाबाद? पालक दोन्ही नावांनी शोधतात.

संभाजीनगरी
ह्यात विचारायचं काय, जे अधिकृत नाव आहे तेच लिहायचं.

जुना_बाजार
अधिकृत काही असो, बाहेरगावचा पर्यटक अजून बी औरंगाबाद हॉटेल असंच टाकतो. माझं लॉजिंग आहे, मला बुकिंग कुठून येतं ते मला माहितीये.

संभाजीनगरी
म्हणजे धंद्यासाठी

ॲडमिन_काका
इथंच थांबा दोघं. नावाचा वाद घालायला राजकारणाचा विभाग मोकळा आहे. ह्याच्या पुढच्या तीन पोस्टी उडवल्यात.

लातूरचा_डेव्हलपर
ताई, फेब्रुवारी २०२३ ला नावं बदलायला केंद्राची मंजुरी आली तेव्हापासून हा प्रश्न मराठवाड्यातल्या प्रत्येक दुकानदाराला आहे. टायटलात, पत्त्यात अन् गूगल मॅपवर आजचं नाव ठेवा. अन् पानावर एका वाक्यात सहज जुनं येऊ द्या, "धाराशिव, म्हणजे पूर्वीचं उस्मानाबाद, इथं आमचा क्लास..." असं. ही दोन नावं एकाच गावाची आहेत हे गूगलला बऱ्यापैकी कळतं, त्यामुळं दोन नावांची दोन पानं करू नका. जुनं नाव पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात लपवायचा सल्ला कुणी देईल, तो लपवाछपवीत मोडतो, नियमाबाहेर आहे.

मोसंबीवाला_अंबड
पुतण्यानं पानं पाडली वेगळी. पत्रक पुन्हा युनिकोडमधे टाइप केलं, कन्व्हर्टरनं रफारांची वाट लावली होती ती हातानं दुरुस्त केली. आता?

सेवा_डिजिटल
(ही पोस्ट ॲडमिननं काढून टाकली आहे.)

ॲडमिन_काका
"१००० बॅकलिंक, भाव इनबॉक्समधे" असली जाहिरात होती. ह्या धाग्यावर तिसरी.

हिंगोलीकर
काका उडवली ते बरं केलं, पण बॅकलिंक म्हणजे काय ते तरी सांगा कुणी, सारखं ऐकायलोय.

लातूरचा_डेव्हलपर
दुसऱ्या साइटनं तुमच्या पानाला दिलेली लिंक. गूगलची सुरुवातच त्यावर झाली, लॅरी पेज अन् सर्गे ब्रिन ह्यांची पेजरँकची कल्पना हीच होती की ज्या पानाकडं चांगली पानं बोट दाखवतात ते पान वजनदार. मग लोकांनी लिंका विकायला काढल्या, अन् २०१२ ला गूगलचा पेंग्विन नावाचा अपडेट आला त्यात विकत घेतलेल्या लिंकांवाल्या साइटा धडाधड खाली गेल्या. आता अशा बऱ्याच लिंका गूगल मोजतच नाही, म्हणजे हजार लिंकांचे पैसे नाल्यात. दादांना खरी लिंक मिळू शकते ती ज्या शेतकरी कंपनीला रोपं देतात तिच्या साइटवरून, एखाद्या कृषी पत्रकारानं बागेवर लिहिलं तर तिथून. मागून बघा, नाही मिळाली तर अडत नाही. रोपवाटिकेसारख्या धंद्याला लिंकेपेक्षा मॅप महत्त्वाचा.

जुना_बाजार
हे मी सांगतो, मॅपवरच जगतो मी. गूगल बिझनेस प्रोफाइल, फुकट आहे. कॅटेगरी "रोपवाटिका" निवडा, दुकान बिकान नको. पिन नेमकी फाट्यावर नाही तर रोपवाटिकेच्या फाटकावर टाका, नाहीतर माणूस फाट्यावर उभा राहून फोन करतो. व्हेरिफाय करायला हल्ली बऱ्याचदा व्हिडिओ मागतात, त्यात रस्ता, पाटी, आतलं काम एका दमात दाखवावं लागतं. मॅपवर कोण वर दिसतं ते गूगल सरळ सांगतं: शोधलेल्या गोष्टीशी किती जुळतं, किती जवळ आहे, अन् किती नावाजलेलं आहे. जवळपणा तुमच्या हातात नाही, बाकी दोन आहेत. रिव्ह्यू मागा पण "रिव्ह्यू द्या, एक रोप फ्री" असलं करू नका, ते नियमात बसत नाही. अन् वाईट रिव्ह्यूला भांडू नका, शांत उत्तर लिहा, पुढचं गिऱ्हाईक ते उत्तरच वाचतं.

औंढ्याचा_पक्या
मला तर वाटतं शेतकऱ्याला साइट लागतच नाही. व्हॉट्सॲप ग्रुप अन् यूट्यूब बस झालं.

परभणीची_ताई
ज्यांच्या ग्रुपात दादांचा नंबर आहे त्यांच्यासाठी बस झालं. सिल्लोडच्या माणसाला पहिल्यांदा मोसंबी लावायचीये अन् त्याच्या ग्रुपात कुणीच नाही, त्याचं काय? यूट्यूब मात्र करा दादा, डोळा भरायचा व्हिडिओ, अन् तोच मोसंबीच्या पानावर लावा.

लातूरचा_डेव्हलपर
पुतण्याला दोन कामं अजून. एक स्पीडचं. साइटवरचे फोटो कॅमेऱ्यातून जसेच्या तसे चढवलेत, एकेक फोटो चार-पाच एमबीचा. वेबपी (फोटोचा हलका प्रकार) करून शंभर-दोनशे केबीवर आणा, रुंदी-उंची कोडमधे लिहा म्हणजे लोड होताना पान उड्या मारत नाही. गूगलची कोअर वेब व्हायटल्स म्हणून मापं आहेत, त्यातलं मुख्य असं की पानावरचा मोठा भाग २.५ सेकंदाच्या आत दिसला पाहिजे. ह्यानं नंबरात थोडाच फरक पडतो, खरं कारण वेगळं आहे, तुमचं गिऱ्हाईक बांधावर एका काडीच्या रेंजवर उभं आहे. अन् सगळं मोबाईलवर तपासा, गूगल आता साइटची मोबाईलवरचीच आवृत्ती धरतं. ॲनिमेशन काढा, गोट्याचं ऐका.

दुसरं सर्च कन्सोल, साइट गूगलवर कशी दिसते ते सांगणारं टूल. हे फुकट, गूगलचंच. डोमेनचं लॉगिन आहे आता तुमच्याकडं, तर डीएनएसमधे (डोमेनच्या सेटिंगमधे) एक ओळ टाकून व्हेरिफाय करा. साइटमॅप (साइटवरच्या पानांची यादी) सबमिट करा, मग प्रत्येक नवं पान यूआरएल इन्स्पेक्शनमधे टाकून इंडेक्सिंगची विनंती करा. रोज रोज विनंती करून लवकर होत नाही, एकदा पुरे. त्यानंतर परफॉर्मन्सचा रिपोर्ट उघडत जा, लोकांनी नेमकं काय टाइप केल्यावर तुमचं पान दिसलं ते तिथं कळतं, अन् १६ महिन्यांचं राहतं म्हणजे मागच्या हंगामाशी ताडून बघता येतं. फरक पडायला कधी काही तास तर कधी काही महिने लागतात असं गूगलच म्हणतं, त्यामुळं मे मधे जागं होऊन जूनला फळ मागू नका.

मोसंबीवाला_अंबड
बऱ्याच दिवसांनी आलो. पॅकेज नाही घेतलं. सगळी पानं आता इंडेक्समधे आहेत. पहिला नंबर वगैरे नाही, "मोसंबी रोपे जालना" ला पहिल्या पानावर खालच्या अंगाला असतो, कधी दिसतो कधी नाही, पण मॅपमधे वर आलो. सर्च कन्सोलमधली गंमत सांगतो. आम्हाला वाटलेलं लोक "मोसंबी रोपे" शोधतात, तर त्यात निम्मं भलतंच, "मोसंबी कलम किंमत", "मोसंबी झाड किती वर्षात फळ देते", "मोसंबी लागवड अंतर", अन् बरेचसे इंग्रजी अक्षरात मराठी लिहून. एकानं तर "मोसंबी रोपे उधार" टाकलंय.

नांदेडचा_गोट्या
तो मी होतो

लातूरचा_डेव्हलपर
भारी 😄 आता त्यातले जे प्रश्न जास्त वेळा दिसायलेत पण क्लिक कमी आहेत, त्यांची उत्तरं त्याच पानावर वाढवत जा. दरेक प्रश्नाला नवं पान करू नका. अन् खाली प्रश्नोत्तरांचा स्कीमा (निकालात प्रश्नोत्तरं दिसावीत म्हणून टाकायचा कोड) लावा म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका, ऑगस्ट २०२३ मधेच गूगलनं निकालातले ते प्रश्नोत्तरांचे डबे सरकारी अन् आरोग्याच्या नावाजलेल्या साइटांपुरते आखडून टाकले.

गेवराईचा_बाळू
धागा सर्च करता करता सापडला, माफ करा विषय वेगळा आहे. मोसंबीवाले दादा, आमची जमीन भारी काळी आहे, चिकट, पावसाळ्यात पाणी थांबतं. मोसंबी लावावी का? लिंबाची झाडं होती ती बुंध्यातून डिंक येऊन वाळली.

मोसंबीवाला_अंबड
पाणी थांबत असेल तर सपाट लावूच नका भाऊ, तो डिंक्याच आहे, बुरशीनं येतो अन् ओल धरून ठेवणाऱ्या जमिनीत हमखास येतो. आधी चर काढून पाण्याला वाट करा, मग उंच गादीवाफ्यावर लावा. लावताना कलमाचा जोड मातीच्या चांगला वर राहिला पाहिजे, बरेच जण रोप खोल पुरतात अन् डोळा मातीत जातो, तिथूनच सुरू होतं. बुंध्याला बोर्डो पेस्ट (मोरचूद अन् चुन्याची) लावत जा, पाणी ड्रिपनं, नळी बुंध्याला चिकटून ठेवू नका. खाली चुनखडीचा थर लागत असेल तर मात्र मोसंबीचा नाद सोडा. आधी माती तपासून घ्या, रोपं घ्यायची घाई करू नका.

परभणीची_ताई
दादा, बाळूभाऊंचा प्रश्न आणि तुमचं हे उत्तर, दोन्ही उचला अन् जसंच्या तसं मोसंबीच्या पानावर टाका.

मोसंबीवाला_अंबड
टाकायला सांगतो पुतण्याला. बाळूभाऊ, त्या वाळलेल्या लिंबाच्या बुंध्याचा फोटो असेल तर पाठवता का, नाव देऊन वापरतो.

गेवराईचा_बाळू
आहे की. पाठवतो, पण आधी हे सांगा, केसर चालंल का ह्या जमिनीत?